मुख्य मेनू : फोटोंच्या डीव्हीडीचा तालुक्यापुरता इतिहास

राहुरी तालुक्यातल्या घरांत साधारण २००३ ते २०१५ या काळातले फोटो मागायला गेले, तर पुष्कळदा हातात अल्बम पडत नाही, तबकडी पडते. टीव्हीखालच्या कप्प्यात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात किंवा देवघराशेजारच्या फडताळात ती असते. वर मार्करने वधूवरांची नावे आणि तारीख लिहिलेली असते. ती वाचणारे यंत्र घरात बहुधा नसते. प्लेअर माळ्यावर गेलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला खाचच नसते. कुठून तरी यंत्र मिळवून तबकडी लावली की आधी सनईचे दोन सूर वाजतात आणि पडद्यावर पाच-सहा शब्द उभे राहतात : साखरपुडा, हळद, लग्न, मान्यवर, वरात. हा त्या तबकडीचा ‘मेनू’.

तालुक्यातल्या घरगुती कागदपत्रांचा मागोवा घेताना मी पत्रिका, मानपत्रे, वह्या आणि जुने फोटो पाहत असे. या तबकड्या त्या कामात नंतर आल्या. त्या बनवणाऱ्यांशी, म्हणजे स्टुडिओवाल्यांशी, ‘मिक्सिंग’ करणाऱ्यांशी आणि घरच्या संगणकावर हौसेने खटपट करणाऱ्या शिक्षकांशी बोलताना एक प्रश्न वारंवार पुढे आला : त्या वेळी सॉफ्टवेअर कोणते वापरले आणि का? हा प्रश्न मुळात दुकानातला. पण आज तबकडी उघडताना तोच इतिहासाचा होतो. कोणते सॉफ्टवेअर निवडले आणि त्यातली कोणती खूण चालू ठेवली, यावर त्या घराच्या चित्रांपैकी आज काय हाती लागते हे ठरलेले आहे.

कंदिलापासून तबकडीपर्यंत

चित्रांमागून चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. युरोपात सतराव्या शतकात ख्रिस्तिआन हायगेन्सने ज्याची मांडणी केली, तो ‘जादूचा कंदील’ एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे पोचला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी त्यावरून ‘शांबरीक खरोलिका’ उभी केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे पडद्यावर पडत आणि त्यांच्या जोडीला निवेदन व संगीत असे. १८९२च्या सुमारास तिचे खेळ सुरू झाले. या खेळात चित्रांचा क्रम, दोन चित्रांमधला बदल आणि सोबतचा आवाज ही तीन अंगे होती. शंभर वर्षांनी संगणकाने केलेल्या स्लाइड शोतही हीच तीन अंगे दिसतात.

मधल्या काळात ३५ मिलिमीटरच्या पारदर्शिका आल्या. १९६८ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे राहुरीकरांना स्लाइड प्रोजेक्टर अनोळखी राहिला नाही. पिकावरचा रोग, कीड, वाण हे पडद्यावर मोठे करून दाखवण्याचे ते हुकमी साधन होते. घरगुती समारंभात मात्र तो कधी शिरला नाही. पारदर्शिकेची फिल्म महाग पडे आणि अंधारी खोली लागे. घरात आली ती आधी व्हिडिओ कॅसेट. १९९३ साली व्हिडिओ सीडीचे मानक ठरले आणि नव्वदीच्या अखेरीस स्वस्त प्लेअर गावोगाव पोचले. जुनी माणसे अजूनही ‘लग्नाची कॅसेट’ म्हणतात, पुढची ‘लग्नाची सीडी’ म्हणतात आणि दोघांच्याही हातात असते ती प्रत्यक्षात डीव्हीडी.

डीव्हीडीचे प्लेअर पहिल्यांदा जपानात १९९६च्या नोव्हेंबरमध्ये विक्रीला आले. आपल्याकडे घरात कोरी तबकडी लिहिणे आवाक्यात आले ते नंतर, ड्राइव्ह आणि तबकड्या स्वस्त झाल्यावर. त्या स्वस्ताईत नोएडाच्या मोझर बेअरचा वाटा मोठा होता. या कंपनीच्या कोऱ्या तबकड्या तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातही मिळत. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. घरगुती तबकडीच्या युगाची अखेर नोंदवायची, तर हे साल सोयीचे आहे.

फोटोचे तबकडीवर काय होते

पुढचे सगळे समजण्यासाठी एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. टीव्हीवर चालणाऱ्या डीव्हीडीत फोटो फोटो म्हणून राहत नाही. सॉफ्टवेअर त्याचा व्हिडिओ करते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत त्या व्हिडिओची चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, म्हणजे सव्वाचार लाखांहून थोड्या कमी ठिपक्यांची. त्या काळातल्या साध्या सहा मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या फोटोत साठ लाख ठिपके असत. म्हणजे तबकडीवर जाताना चित्राचा चौदावा हिस्सा उरे. त्या वेळच्या काचेच्या टीव्हीवर हे जाणवत नसे. आज तोच चेहरा मोठा करून छापायला गेले की डोळे आणि कुंकू एकमेकांत मिसळतात.

मेनूलाही मर्यादा होत्या. एका पडद्यावर जास्तीत जास्त ३६ बटणे बसत. पण लांबून रिमोटने निवडायचे असल्यामुळे व्यवहारात पाच-सहाच ठेवत. बटणावर येणारी झळाळी ही चित्रावर पसरलेली चार रंगांची पातळ पट्टी असे. टीव्ही चित्राच्या कडा कापत असे, म्हणून मजकूर आत घ्यावा लागे. मी पाहिलेल्या एका तबकडीत मेनूच्या तळाशी निमंत्रकांची नावे आहेत. संगणकावर ती सगळी दिसतात. त्या घरच्या जुन्या टीव्हीवर मात्र शेवटची ओळ कधीच दिसली नव्हती, आणि त्या ओळीत वधूच्या मामांचे नाव होते. लग्नाला कित्येक वर्षे होऊन गेल्यावर ते घरच्यांनी पहिल्यांदा वाचले.

निवड कशी होत असे

संगणकाच्या मासिकांत सॉफ्टवेअरची तुलना किती इफेक्ट आहेत, किती साचे आहेत यावर होई. गावातली निवड निराळ्या कसोट्यांवर होत असे.

पहिली कसोटी, तबकडी गिऱ्हाइकाच्या प्लेअरवर चालली पाहिजे. परदेशी सॉफ्टवेअर बहुधा अमेरिकेची एनटीएससी पद्धत गृहीत धरून उघडे. ती बदलून पाल केली नाही, तर जुन्या टीव्हीवर चित्र काळेपांढरे दिसे किंवा वरखाली धावे. उलट मुलगा अमेरिकेत असेल तर त्याच्यासाठी मुद्दाम एनटीएससीची वेगळी प्रत काढावी लागे, कारण तिकडचे बरेच प्लेअर पाल तबकडी घेत नसत. एकाच लग्नाच्या अशा दोन तऱ्हेच्या तबकड्या राहुरीत आजही सापडतात.

दुसरी कसोटी भारनियमनाची. फोटोंचा व्हिडिओ व्हायला त्या काळच्या संगणकाला तासन् तास लागत. तबकडी लिहिताना वीज गेली की तबकडी वाया. म्हणून थेट तबकडीवर न लिहिता आधी हार्ड डिस्कवर पूर्ण प्रतिमा तयार करणारे सॉफ्टवेअर पसंत केले जाई. एका मिक्सिंगवाल्याने मला सांगितले, ‘‘दिवसा लोकांशी बोलायचं, रात्री लाईट असंल तेवढ्यात रेंडर लावायचं. सकाळी उठून पहिलं संगणकाकडं बघायचं, मग देवाकडं.’’

तिसरी कसोटी गाण्याची. एक गाणे साधारण पाच मिनिटांचे असते. एक फोटो पाच सेकंद ठेवला तर एका गाण्यात साठ फोटो बसतात. तीनशे फोटो म्हणजे पंचवीस मिनिटे आणि पाच गाणी. हा हिशेब आपोआप जुळवून देणारे सॉफ्टवेअर सगळ्यांना आवडे. गाण्याच्या लांबीत बसत नाहीत म्हणून गाळले गेलेले फोटो किती, हे कोणी विचारत नसे.

या कसोट्यांवर उतरलेली नावे थोडीच आहेत. जर्मनीचे ‘नीरो’ सर्वांत ओळखीचे होते, कारण ते ड्राइव्हसोबत येई. रोम जाळल्याची दंतकथा ज्याच्या नावावर आहे त्या सम्राटावरून केलेली ती कोटी होती. ‘नीरो बर्निंग रॉम’मधल्या ‘बर्निंग’चा अर्थ इथे तबकडी लिहिणे असा. २००३च्या सुमारास त्यात मेनू बनवणारा ‘व्हिजन’ हा भाग जोडला गेला आणि साध्या कामाला तो पुरेसा होता. तैवानच्या यूलीड कंपनीचे ‘डीव्हीडी मूव्हीफॅक्टरी’ तयार साच्यांसाठी वापरत. ही कंपनी पुढे कोरेलकडे गेली. फोटोंच्या हालचालीसाठी अमेरिकेतल्या फोटोडेक्सचे ‘प्रोशो’ लोकप्रिय होते. चित्र जवळ येणे, फिरणे, पाकळ्यांसारखे उमलणे हे सगळे त्यातले. व्हिडिओ मिक्सिंगवाले ‘एडियस’ वापरत. मेनूवर पुरता ताबा हवा असेल तर अडोबीचे ‘एन्कोर’ होते, पण ते शिकायला वेळ लागे. विंडोज व्हिस्टाच्या काही आवृत्त्यांत आणि नंतर विंडोज सातमध्ये मायक्रोसॉफ्टने ‘डीव्हीडी मेकर’ फुकट दिला. तेव्हा हौशी माणसाला स्टुडिओशिवाय मेनूवाली तबकडी करता येऊ लागली.

यातले बहुतेक सगळे आता बंद आहे. ‘डीव्हीडी मेकर’ विंडोज आठमध्ये काढून टाकला. ‘एन्कोर’ची शेवटची आवृत्ती २०१२ची. फोटोडेक्सने २०२०च्या जानेवारीअखेर दुकान बंद केले. म्हणून स्टुडिओवाल्याकडे मूळ प्रोजेक्ट फाइल असली तरी ती उघडणारे सॉफ्टवेअर मिळेलच असे नाही.

मराठी अक्षरांची अडचण

या सॉफ्टवेअरांत मराठी लिहिणे हा निराळाच अध्याय आहे. विंडोज एक्सपीच्या काळात युनिकोड मराठी संगणकात आली होती, तरी बरीच सॉफ्टवेअरे देवनागरीची जोडणी करत नसत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येई, जोडाक्षरे फुटत. ‘शुभविवाह’ या पाच अक्षरांच्या शब्दातला मधला ‘वि’च मोडून पडे, आणि लग्नाच्या तबकडीवर मोडलेला ‘विवाह’ कोणाला चालणार?

तोडगा शेजारच्या छापखान्यात सापडला. लग्नपत्रिका कोरेलड्रॉमध्ये, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’तल्या अक्षरांनी जुळवली जाई. तिथून शीर्षक चित्र म्हणून काढायचे आणि तेच मेनूच्या पार्श्वभूमीवर चिकटवायचे. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक मेनूंना पत्रिकेचे रूप आले. वर गणपती, मधे महिरप, खाली दोन्ही घराण्यांची आडनावे आणि ‘ता. राहुरी, जि. अहमदनगर’. जिल्ह्याचे नाव आता बदलले असले तरी या तबकड्यांवर ते तसेच आहे. जिथे छापखान्याची सोबत नव्हती, तिथे सॉफ्टवेअरचा साचा जसाच्या तसा राहिला : पांढरा पायघोळ झगा घातलेली वधू, लाल गुलाब, चर्चची घंटा आणि त्यावर रोमन लिपीत ‘प्ले ऑल’ व ‘सीन सिलेक्शन’. ते बटण दाबले की जात्यावर हळद दळणाऱ्या बायका दिसतात.

या तोडग्याचा एक परिणाम तेव्हा कोणाच्या ध्यानात येण्यासारखा नव्हता. मेनूतले मराठी हे चित्र आहे, मजकूर नाही. संगणक त्यात नाव शोधू शकत नाही. नाव, गाव, तिथी हे सारे माणसाने डोळ्यांनी वाचून पुन्हा लिहून काढल्याशिवाय अभ्यासाला येत नाही.

मेनू कसा वाचावा

तरीही मेनू हा तबकडीवरचा जवळपास एकमेव लेख असतो. आतल्या चित्रांना नावे नसतात, तारखा नसतात. म्हणून मी मेनूकडे अनुक्रमणिका म्हणून पाहतो. घराने आपल्या समारंभाचे भाग कसे पाडले, कोणत्या भागाला स्वतंत्र बटण दिले आणि कोणता भाग दुसऱ्याच्या पोटात ढकलला, हे त्यात उघड दिसते.

आमच्या भागातल्या लग्नांच्या तबकड्यांत ‘मान्यवर’ हे बटण क्वचितच चुकते. साखर कारखाने, दूध संघ, सोसायट्या आणि पंचायत समिती यांनी विणलेल्या या जिल्ह्यात लग्न हे सार्वजनिक व्यासपीठही असते. सत्काराचे फेटे आणि नारळ यांना वेगळा विभाग मिळतो, आणि तो अनेकदा ‘सप्तपदी’च्या आधी येतो. काही मेनूंत ‘जागरण गोंधळ’ वेगळा आहे, काहींत तो ‘इतर’मध्ये गेला आहे. ‘रुखवत’ला बटण मिळाले असेल, तर मेनू ठरवताना घरातली बाई संगणकाशेजारी बसली होती असे मी धरून चालतो आणि विचारल्यावर ते बहुधा खरे निघते. लग्नाचे रजिस्टर किंवा पत्रिका हे सांगत नाही.

लग्नाइतक्याच महत्त्वाच्या, पण कमी सांभाळलेल्या तबकड्या आहेत सेवापूर्ती, एकसष्ठी, अमृतमहोत्सव आणि वर्षश्राद्ध यांच्या. त्यांत ‘बालपण’, ‘नोकरी’, ‘संसार’, ‘नातवंडे’ अशी बटणे असतात. या कामासाठी भावाबहिणींच्या ट्रंकांतून जुने काळेपांढरे फोटो गोळा केले गेले, स्टुडिओत स्कॅन झाले आणि परत गेले. काही परत गेलेच नाहीत. वेगवेगळ्या घरांतले ते फोटो एकत्र आले ते फक्त त्या तबकडीवर, आणि तेही चौदाव्या हिश्श्याच्या स्पष्टतेने.

काय उरले, कशामुळे उरले

इथे निवडीचा मुद्दा पुन्हा येतो. त्याच काळात काही सॉफ्टवेअरांत एक साधी सोय होती : टीव्हीवर चालणाऱ्या व्हिडिओबरोबर मूळ फोटोही त्याच तबकडीवर एका वेगळ्या कप्प्यात ठेवायची. ॲपलच्या ‘आयडीव्हीडी’त ती खूण करता येई. ‘एन्कोर’मध्येही तबकडीवर इतर फाइली जोडता येत. गुगलच्या ‘पिकासा’त मेनू नव्हता, पण त्याची भेट-सीडी मूळ फोटो सोबत घेऊन जाई. हे टीव्हीवर दिसत नसे. प्लेअरला तो कप्पा कळतही नसे. म्हणून तुलनेच्या तक्त्यात त्याला महत्त्व नव्हते. तीनशे फोटोंना पंचवीस मिनिटे धरली तर ४.७ जीबीच्या तबकडीत मूळ फोटोंना बहुधा जागा उरत असे. जागा रिकामी राहिली आणि मूळ फोटो स्टुडिओच्या हार्ड डिस्कवरून पुढच्या हंगामात पुसले गेले.

आता दुसरी गळती चालू आहे. ‘डीव्हीडी पेनड्राइव्हवर करून देतो’ म्हणणारे बहुतेक जण तिचे एमपी-फोर करतात. चित्रे येतात, गाणी येतात, मेनू गळून पडतो. म्हणजे नावे, क्रम आणि विभाग गळतात. ग्रंथाची मुखपृष्ठे आणि अनुक्रमणिका फाडून उरलेली पाने ग्रंथालयात ठेवावीत, तसे हे आहे. त्यातच लिहिण्याच्या तबकडीवरचा रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो. पत्र्याच्या घरात, खिडकीशेजारी ठेवलेली तबकडी आधी अडखळते आणि मग दाद देत नाही.

आज निवड करायची तर

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी अजूनही कोणी मेनूवाली तबकडी करू इच्छीत असेल, तर फुकट आणि मुक्त असलेले ‘डीव्हीडीस्टायलर’ पुरेसे आहे. पण कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी चार प्रश्न आधी विचारावेत. ते मूळ फोटो तबकडीवर ठेवू देते का, आणि देत नसेल तर मूळ फोटोंची दुसरी तबकडी त्याच पाकिटात ठेवता येईल का? पाल पद्धत निवडली आहे का? मराठी अक्षरे न मोडता उमटतात का? आणि पूर्ण तबकडीची प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, हार्ड डिस्कवर राहते का? इफेक्ट किती, हा प्रश्न पाचवा.

जुन्या तबकड्यांचे काम याहून निकडीचे आहे. यूएसबीला लावायचा ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. आधी तबकडीची पूर्ण आयएसओ प्रत काढावी, एमपी-फोर नंतर. ती प्रत व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरवर मेनूसकट चालते. मग मेनूचे प्रत्येक पान उघडून त्यावरची नावे, गावे, तारखा साध्या मजकुरात लिहून काढाव्यात. फोटोतली माणसे ओळखणारे कोणी घरात असेल, तर त्यांना शेजारी बसवून बटणागणिक कोण कोण आहे तेही लिहावे. एका तबकडीला एक दुपार लागते. माझ्या अनुभवात सर्वांत मोलाची माहिती या शेवटच्या टप्प्यात मिळते, आणि ती देणारी माणसे सत्तरी-ऐंशीतली असतात. ड्राइव्ह पुढच्या वर्षीही विकत मिळेल, म्हणून हे काम माणसांच्या वयाच्या क्रमाने हाती घ्यावे.